घट्ट तेल, वाफ आणि पाणी

तापीकाठ (धागाकर्ता)

राम राम मंडळी,

जानेवारीत सुट्टी काढून चोपड्याला आलो होतो. थंडी अशी की खोबरेल तेलाची बाटली उपडी केली तरी थेंब पडेना. आईने ती नेहमीप्रमाणे ओट्यावर उन्हात नेऊन ठेवली. पुतण्या शेजारी बसला होता, सातवीत आहे. म्हणाला, "काका, तुम्ही तिकडे तेलाच्या विहिरीवर नेमकं काय करता?" मी बाटली दाखवली. म्हटलं, "आजी करते तेच. फक्त आमची बाटली पाऊण किलोमीटर खोल आहे. तिथे ऊन पोचत नाही, म्हणून वाफ पाठवावी लागते."

त्याचं समाधान झालं. माझं झालं नाही, कारण आमचं खरं काम त्या वाक्याच्या पुढे सुरू होतं. म्हणून हा धागा.

मी मूळचा बॉयलरवाला. आयटीआय केलं, जळगाव भागातल्या एका तेल गिरणीत हेल्पर म्हणून लागलो, बॉयलर अटेंडंटची परीक्षा दिली. गेली सहा वर्षं ओमानच्या वाळवंटात जड तेलाच्या एका क्षेत्रावर स्टीम जनरेटर सांभाळतो आहे.

जमिनीतलं सगळं तेल सारखं नसतं. सुरत-भुसावळ गाडीने उधन्याला उतरून थोडं पुढे गेलं की अंकलेश्वर. तिथे १९६० साली तेल लागलं, ते हलकं आणि पातळ. तिथून वर मेहसाण्याकडे गेलं की त्याच गुजरातेत तेल घट्ट होत जातं. तेलाचा हलकेपणा एपीआय अंशांत मोजतात. पाणी म्हणजे १० अंश. आकडा जितका मोठा तितकं तेल हलकं. साधारण वीस-बावीसच्या खाली आलं की त्याला जड तेल म्हणतात, आणि दहाच्याही खाली गेलं की ते पाण्यात बुडतं.

पण विहिरीवरच्या माणसाला वजनापेक्षा चिकटपणा जास्त छळतो. पाण्याचा चिकटपणा एक सेंटिपॉईज धरा. मध साधारण दहा हजार. कॅनडात अल्बर्टा प्रांतात ॲथाबास्काची तेलवाळू आहे, तिच्यातलं डांबर जमिनीतल्या थंडीत लाखो सेंटिपॉईजच्या घरात असतं. तेच २०० अंशांपर्यंत तापवलं की दहाच्या आसपास येतं. आमच्याकडे विहिरीच्या तोंडाशी सँपल काढतो तेव्हा बाटली हातमोज्यातूनही चटका देते. आत चॉकलेटी, फेसाळ, पाणी मिसळलेलं तेल, हलवलं तर ताकासारखं हलतं. तीच बाटली लॅबमध्ये एसीखाली तासभर ठेवली की आडवी केली तरी आतला माल जागचा हलत नाही. नवीन पोरांना मी पहिल्या दिवशी हीच बाटली दाखवतो.

आता गरम पाणी न ढकलता वाफ का? दहावीच्या पुस्तकातला अप्रकट उष्मा आठवा. एक किलो पाणी ३० अंशांवरून १०० वर न्यायला ७० किलोकॅलरी लागतात. त्या उकळत्या पाण्याची वाफ करायला आणखी ५४०. ही ५४० किलोकॅलरी वाफेच्या पोटात बसून जाते आणि थंड वस्तूला टेकल्यावर, तिचं पाणी होताना, सगळी तिथेच सुटते. आपल्याकडे फुणके करतात ते आठवा. चाळणीतला फुणका पाण्याला टेकतसुद्धा नाही, तरी आतपर्यंत शिजतो. खडकातल्या तेलाला आम्ही तसंच शिजवतो.

या धंद्यातली सर्वांत मोठी युक्ती अपघाताने सापडली. १९५९ साली व्हेनेझुएलात मेने ग्रांदे इथे शेल कंपनी वाफ ढकलण्याचा प्रयोग करत होती. एका विहिरीतून वाफ आत, आजूबाजूच्या विहिरींतून तेल बाहेर, असा बेत. पण दाब इतका वाढला की वाफ जमीन फोडून वर येऊ लागली. दाब उतरवायला त्यांनी वाफेच्याच विहिरीची झडप उलटी उघडली, तर तिच्यातून भरभरून तेल आलं. तिथून नवी पद्धत निघाली: एकाच विहिरीत काही आठवडे वाफ द्यायची, मग झडप बंद करून काही दिवस ती खाली मुरू द्यायची, मग त्याच विहिरीतून काही महिने तेल काढायचं. तेल थंड पडून आटलं की पुन्हा पहिल्यापासून. आमच्याकडे या मधल्या दिवसांना 'सोक' म्हणतात. मी मनात 'मुरवण'च म्हणतो. लोणचं मुरायच्या आधी बरणी उघडली तर जे होतं ते इथेही होतं: वाफ वाफेच्याच रूपात परत येते, उष्णता खाली राहत नाही.

दुसरी पद्धत मेने ग्रांदेच्या मूळ बेताची. फाशावरच्या पाचासारखी मांडणी करतात: मध्ये वाफेची विहीर, चार कोपऱ्यांवर तेलाच्या. कॅलिफोर्नियातलं कर्न रिव्हर क्षेत्र १८९९ मध्ये सापडलं, पण त्याला खरी ऊब मिळाली १९६० च्या दशकात वाफ सुरू झाल्यावर. इंडोनेशियात सुमात्रा बेटावरचं दुरी १९४१ मध्ये सापडलं आणि १९८५ पासून तिथे वाफ जाते, जगातल्या सर्वांत मोठ्या अशा प्रकल्पांपैकी एक.

तिसरी कॅनडाची. रॉजर बटलर नावाच्या इंजिनिअरने मांडलेली. दोन आडव्या विहिरी, एकीखाली दुसरी, मध्ये साधारण पाच मीटर अंतर. वरचीतून वाफ. वाफ हलकी, ती वर चढते आणि खडकात पोकळीसारखं गरम घर तयार करते. तेल त्या घराच्या भिंतींवरून ओघळत खालच्या विहिरीत उतरतं. मला ही पद्धत सर्वांत देखणी वाटते. मधल्या पद्धतीत वाफ वरवर पळून जाते म्हणून आम्ही डोकं धरतो, आणि बटलरने तिच्या वर पळण्याच्या सवयीलाच कामाला लावलं.

हे सगळं सांगून मला जे म्हणायचं आहे ते असं. लोक विचारतात तेल किती निघतं. मी विचारतो पाणी किती गेलं. एक पिंप तेलामागे किती पिंप पाण्याची वाफ करावी लागली, हा एकच आकडा आमचा प्रकल्प चालणार की बंद पडणार ते ठरवतो. दोन-तीन असेल तर बरं चाललंय. सहा-सातवर गेला की साहेब लोकांच्या बैठका सुरू होतात. तेलाच्या गप्पा मारताना पाण्याचं नाव कुणी काढत नाही, आणि मी ज्या जिल्ह्यातून आलो तिथल्या माणसाने तरी ते काढायलाच हवं.

विचारा काय विचारायचं ते.

---

अमळनेरकर आप्पा

जिभाऊ, भलतं भारी लिखं तुम्ही. मी दोनदाव वाचं. एकच इचारस: आपला खान्देशमा, तापीना काठले, असं तेल शे का? मन्हा आजोबा सांगेत, उनपदेवले जमीनमातून गरम पानी येस, मंग तेल बी खाले असाले पाहिजे.

---

तापीकाठ

आप्पा, नमस्कार. उनपदेव आमच्या अडावदजवळच, लहानपणी किती वेळा त्या गोमुखाखाली बसलोय. पण त्या गरम पाण्याचा तेलाशी संबंध नाही. पावसाचं पाणी सातपुड्याच्या कडेच्या भेगांतून खोल जातं, खाली तापतं आणि दुसऱ्या भेगेने वर येतं.

खान्देशात तेलाचं उत्पादन कुठेही नाही. आपल्या पायाखाली आधी तापीचा गाळ, त्याखाली काळा पाषाण. हा दख्खनचा लाव्हा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तेल राहतं ते वाळूच्या किंवा चुनखडीच्या, बारीक छिद्रं असलेल्या खडकात. लाव्ह्याखाली जुने गाळाचे थर आहेत का याचा अभ्यास शास्त्रज्ञांनी केलाय, पण त्यावरून कुणी आपल्या वावरात तेल आहे म्हणून जमिनीचे भाव सांगायला लागला तर विश्वास ठेवू नका.

---

दीपनगर_निवृत्त

धागा आवडला. मी दीपनगरच्या औष्णिक केंद्रात ५०० मेगावॉटच्या संचांवर बॉयलर विभागात होतो. तुमच्याकडची वाफ कशी असते? आमच्याकडे वाफेत पाण्याचा थेंब गेला तर टर्बाइनच्या पात्यांना खड्डे पडतात, म्हणून ड्रम, सेपरेटर, सुपरहीटर एवढा खटाटोप. पाणी डीएम, म्हणजे सगळे क्षार काढलेलं, त्यातली सिलिका आम्ही कणाकणाने मोजायचो. वाळवंटात एवढं शुद्ध पाणी आणता कुठून?

---

तापीकाठ

सर, हा प्रश्न बॉयलरवालाच विचारू शकतो. मीही पहिल्या आठवड्यात हाच विचारला होता.

आमची वाफ मुद्दाम ओली असते. शंभर किलो पाणी आत गेलं तर ऐंशी किलोची वाफ होते आणि वीस किलो पाणी पाणीच राहून वाफेबरोबर बाहेर पडतं. जनरेटरला ड्रम नाही. एकच लांब नळी भट्टीतून वळणं घेत जाते, एका तोंडाने पाणी आत, दुसऱ्याने ओली वाफ बाहेर.

आम्ही वापरतो ते पाणी तेलाबरोबर वर आलेलंच असतं, खारट. त्यातला कडकपणा, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम, सॉफ्टनरने काढून टाकतो, पण विरघळलेलं साधं मीठ तसंच राहतं. सगळ्या पाण्याची वाफ केली तर ते मीठ नळीच्या आत चिकटून बसेल. म्हणून वीस टक्के पाणी शिल्लक ठेवायचं, ते सगळं मीठ पाचपट दाट करून सोबत वाहून नेतं. टर्बाइन फिरवायचंच नाही, त्यामुळे थेंबांची भीती नाही. खडकाला उष्णता पाहिजे, पाती नाहीत.

पण नळीत ऐंशीच्या जागी नव्वद टक्के झाली, किंवा भट्टीची ज्योत एका बाजूला झुकून एखाद्या वळणात पाणी पुरतं आटलं, की त्या जागी मिठाचा थर बसतो आणि नळी फुगते. त्यामुळे शिफ्टमध्ये दर तासाला बाहेर पडणाऱ्या पाण्याचा नमुना घेऊन त्यातल्या मिठावरून वाफेचा ओलेपणा काढतो. तो कागद माझ्या सहीशिवाय पुढे जात नाही.

---

दीपनगर_निवृत्त

समजलं. मीठ धुवायला पाणी राखून ठेवायचं, हे आमच्या ब्लोडाउनचंच (बॉयलरमधलं क्षार साठलेलं पाणी मधूनमधून सोडून देणं) भावंड. अजून एक. तुमची विहीर खोल असेल तर दाब वाढेल, आणि दाब वाढला की अप्रकट उष्मा घटतो. आमच्याकडे नवा ६६० मेगावॉटचा संच सुपरक्रिटिकल आहे, तिथे तर पाणी आणि वाफ हा फरकच उरत नाही. मग खोल विहिरीत वाफेचा उपयोग काय?

---

तापीकाठ

सर, तुम्ही मर्मावर बोट ठेवलंत.

४० बारला (एक बार म्हणजे साधारण आपल्या भोवतीच्या हवेएवढा दाब) पाणी २५० अंशांना उकळतं आणि अप्रकट उष्मा साधारण ४१० किलोकॅलरी उरतो. १०० बारला ३११ अंश, आणि उष्मा ३१५ च्या आसपास. २२१ बारला शून्य. आता जमिनीत दर दहा मीटर खोलीला पाण्याचा दाब साधारण एक बार वाढतो. म्हणजे हजार मीटरवर शंभर बारच्या आसपास. तिथे वाफ घुसवायची तर तिचा दाब त्याहून जास्त हवा, म्हणजे वाफ जास्त तापलेली पण पोट रिकामं होत आलेलं. शिवाय नळीतून उतरतानाच हजार मीटरच्या खडकाला ती उष्णता वाटत जाते. म्हणून वाफेचा धंदा उथळ क्षेत्रांचा. हजार-दीड हजार मीटरच्या खाली सहसा कुणी जात नाही. काही ठिकाणी थर्मासच्या बाटलीसारखी दुहेरी नळी सोडतात, मध्ये निर्वात, म्हणजे वाटेतली गळती कमी होते.

विहिरीच्या पोलादाचंही सांगतो. पोलाद अंशामागे मीटरला साधारण बारा मायक्रॉन वाढतं. हजार मीटरची नळी अडीचशे अंशांनी तापली तर तीन मीटर लांब होईल. माणूस उभा राहील एवढी! ती सिमेंटमध्ये जखडलेली असेल तर वाढायला जागा नाही, मग ती आतल्या आत दबते, आणि थंड होताना सांध्यांवर ओढ पडते. साधं सिमेंटही ११० अंशांच्या वर हळूहळू भुसभुशीत होतं, म्हणून त्यात ३५-४० टक्के सिलिकाचं पीठ मिसळतात. हे कुणी टाळलं तर दोन-तीन फेऱ्यांत विहीर कामातून जाते.

---

केळीवाला रावेर

दादा, मी शेतकरी माणूस. तेलातलं मला कळत नाही, पाण्यातलं कळतं. आमच्याकडे रावेर-यावलला बोअर दरवर्षी खाली जातंय. वडिलांच्या वेळी मोटर जिथे होती तिथे आता माती कोरडी आहे. एक पिंप तेलाला तीन पिंप पाणी, हे वाचून पोटात गोळा आला. हे पाणी परत मिळतं का, की खडकात गेलं ते गेलं?

---

तापीकाठ

भाऊ, तुमच्या प्रश्नासाठीच धागा काढला असं समजा.

बरंचसं परत येतं. वाफेचं पाणी तेलाबरोबर वर येतं, खडकातलं जुनं पाणीही येतं. टाकीत तेल वेगळं करायचं, मग उरलेली तेलाची तर्री काढायला पाणी गाळायचं. या गाळण्यांत अक्रोडाच्या कवचांचा चुरा भरलेला असतो. खरंच अक्रोडाचा. कवच कडक असतं, तेल त्याला चिकटतं आणि उलट्या पाण्याने धुतलं की सुटतं. मग सॉफ्टनर, मग पुन्हा जनरेटर. कॅनडातले चांगले प्रकल्प नव्वद टक्के किंवा त्याहून जास्त पाणी फिरवून वापरतात. तरी वरचं दहा टक्के रोज नवीन लागतं, आणि ते खारं, खोलातलं पाणी असावं, गोडं पिण्याचं नव्हे, असा आग्रह धरावा लागतो. आपोआप कुणी धरत नाही.

तुम्हाला जवळचं उदाहरण देतो. कर्न रिव्हरला तेलाबरोबर पाणी इतकं येतं की ते गाळून, कालव्याच्या पाण्यात मिसळून, कवेलो नावाच्या पाणी संस्थेमार्फत शेतकऱ्यांना देतात. बदाम, पिस्ता, संत्र्याच्या बागा त्यावर आहेत. हे १९९० च्या दशकापासून चाललंय. त्यावर तिथे वादही झाले: पाण्यात काय काय राहतं ते नीट तपासा, अशी मागणी लोकांनी केली, आणि ती रास्त आहे. माझ्या बागेला असं पाणी कुणी देऊ केलं तर मी बोरॉन, क्षार आणि तेलाचा अंश असा तिन्हींचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय नळ उघडणार नाही.

---

केळीवाला रावेर

बोरॉनचं पटलं. केळीला क्षारपड पाणी दिलं की पानाची कडा जळत येते, ती आम्ही ओळखतो. अक्रोडाचं घरी सांगितलं, कुणी विश्वास ठेवेना.

---

रसायन_जळगाव

मी जळगावच्या विद्यापीठातून तेल तंत्रज्ञान शिकले, आमचं तेल खायचं असलं तरी उष्णतेचं गणित एकच. मूळ लेखात पाणी मोजलंय, मी इंधन मोजून पाहिलं. चुकलं तर दादांनी सांगावं.

एक पिंप म्हणजे १५९ लिटर. तीन पिंप पाणी म्हणजे ४७७ किलो. ३० अंशांच्या पाण्यापासून ६० बारची, ८० टक्के वाफ करायला किलोला साधारण २,३५० किलोज्यूल. एकूण १.१ गिगाज्यूल. बॉयलरची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर इंधन १.३ गिगाज्यूल. एक पिंप तेलात साधारण ६.१ गिगाज्यूल असतात. म्हणजे पाच पिंपं तेल काढायला एक पिंपाएवढी ऊर्जा जाळायची. गॅस जाळला तर पिंपामागे ७०-७५ किलो कार्बन डायऑक्साइड, तेही ते तेल अजून शुद्धीकरणाला गेलेलंच नाही तेव्हा.

आणि पाण्याचं प्रमाण तीनऐवजी सहा झालं तर हे सगळं दुप्पट. मला हा आकडा अस्वस्थ करतो. हे करावंच का?

दुसरं, मेहसाण्याला वाफ नसून हवा वापरतात असं वाचलंय. ते काय आहे?

---

तापीकाठ

ताई, गणित बरोबर आहे. आमच्या कंट्रोल रूमचा आकडा याच्या आसपासच फिरतो.

आधी मेहसाणा. बलोल आणि सांथल या क्षेत्रांत ओएनजीसी खडकातच थोडं तेल पेटवते. विहिरीतून दाबाने हवा सोडायची, आत जड गाळ जळतो, त्याची धग पुढच्या तेलाला पातळ करून ढकलते. बलोलला १९९० मध्ये प्रयोग सुरू झाला, १९९७ पासून मोठ्या प्रमाणावर. तिथली खोली हजार मीटरच्या आसपास, म्हणजे दीपनगरच्या सरांनी सांगितलेली अडचण. वाफेला जिथे जड जातं तिथे हवा जाते. वाफेचं भारतातलं काम पाहायचं तर राजस्थानात, जैसलमेर जिल्ह्यात बाघेवाला. ऑइल इंडिया तिथे तीच 'मुरवण' पद्धत वापरते. तेल इतकं घट्ट की त्याला पातळ करायला सोबत हलकं तेलही द्यावं लागतं.

आता तुमचा खरा प्रश्न. करावंच का? मी या कामावर पोट भरतो, त्यामुळे माझं उत्तर तुम्ही त्या हिशोबाने घ्या. मला वाटतं, तीनच्या आत आकडा राहतो तिथे करावं, आणि तो वर चढायला लागला की हट्टाने ओढू नये. आमच्याच क्षेत्रात काही विहिरी अशा आहेत की त्यांत जाणारी वाफ मला दिसते आणि येणारं तेल पाहून वाईट वाटतं. त्या बंद करा असं मी दोनदा लिहून दिलंय. एक बंद झाली.

ओमानमध्येच अमल इथे दुसरा रस्ता काढलाय. काचेची मोठी घरं, ग्रीनहाउससारखी, आणि आत टांगलेले वक्र आरसे. ऊन आरशांनी नळीवर एकवटतं, नळीत पाणी, त्याचीच वाफ. काचघर कशाला, तर वारा आणि धूळ आरशांना लागू नये म्हणून. प्रकल्पाचं नाव मिराह, अरबीत आरसा. दिवसा उन्हाची वाफ, रात्री गॅसची. खडक इतका मोठा आणि संथ आहे की दिवस-रात्रीचा चढउतार त्याला कळतही नाही. आपल्या साक्री-दोंडाईचाकडचं ऊन पाहिलं की मला नेहमी वाटतं, वीज तर करतोच आहोत, पण गिरण्यांना, डाळ मिलला, दूध संघाला लागणारी दीडशे-दोनशे अंशांची वाफ अशी का करू नये? तेल नसलं तरी वाफ लागणारे कारखाने आपल्याकडे गावोगाव आहेत.

---

शिरपूरचा मुलगा

सर, मी डिप्लोमा मेकॅनिकल करतोय. या लाइनला यायचं तर काय शिकावं?

---

तापीकाठ

बॉयलर अटेंडंटचं प्रमाणपत्र आधी मिळव, त्याला गल्फमध्येही मान आहे. पाण्याचं रसायनशास्त्र मन लावून शिक. बाकी साइटवर शिकशील. एजंटला पैसे देऊन जाऊ नकोस.

---

रसायन_जळगाव

उत्तर प्रामाणिक वाटलं, आभार. वाफ जमीन फोडून वर आली, हे मेने ग्रांदेचं झालं. आताही होतं का असं?

---

तापीकाठ

होतं. २००६ साली अल्बर्टात जॉसलिन इथे उथळ थरात वाफ देताना वरचा आच्छादक खडक फुटला, दगडमाती दूरवर उडाली आणि जंगलात मोठा खड्डा पडला. जीव गेला नाही. थर उथळ असला की वरचं झाकण पातळ असतं, आणि दाबाची मर्यादा ते झाकण ठरवतं, तेलाची घाई नाही. कुकरची शिट्टी दाबून धरल्यावर काय होतं ते स्वयंपाकघरात सगळ्यांना माहीत आहे.

---

सरकी_धुळे

दादा, सगळा धागा वाचला. मी सरकीच्या तेल मिलमध्ये बॉयलरवर आहे. आमचा बॉयलर लहान, सरकीला कुकरमध्ये वाफ द्यायची आणि मग एक्सपेलरला घालायची एवढंच. तुम्ही सॉफ्टनरचं लिहिलंत म्हणून विचारतो. आमच्याकडे सीझनला सॉफ्टनर बायपास करून थेट बोअरचं पाणी सोडतात. मालक म्हणतात, दोन महिन्यांनी काय फरक पडतो. फरक पडतो का?

---

तापीकाठ

भाऊ, पडतो. हे मी पाहिलेलं सांगतो.

मी हेल्पर होतो तेव्हाची गोष्ट. मिलचं नाव सांगत नाही. सीझन जोरात, सॉफ्टनर धुवायला लागणाऱ्या मिठाची पोती संपलेली, त्यात धुवायला दोन तास बॉयलरला पाणी कमी पडणार म्हणून बायपास उघडला. तो दीड महिना उघडाच राहिला. नळ्यांच्या पाण्याच्या बाजूला पांढरा थर धरत गेला, चुन्यासारखा. बाहेरून काही दिसत नाही. लाकूड जास्त लागतंय एवढंच दिसत होतं, आणि सगळे म्हणत होते लाकूड ओलं आहे. थरामुळे नळीची उष्णता पाण्यात जाईना, पोलादच लाल व्हायला लागलं. एका पहाटे नळी फुगून फाटली. आगीच्या दारातून वाफ आणि राख एकदम बाहेर आली. माझ्याबरोबरचा हेल्पर दारासमोर होता. त्याचा उजवा हात खांद्यापर्यंत भाजला. तो बरा झाला, पण त्या हाताची मूठ पुन्हा पूर्ण वळली नाही. नंतर ती नळी कापली तेव्हा आतला थर मी नखाने सोलून पाहिला, अंड्याच्या कवचापेक्षा थोडासा जाड. एवढ्याशा थराने ते केलं.

लाखो पिंपं तेल काढणारा आमचा स्टीम जनरेटर आणि तुमचा सरकीचा बॉयलर, दोघांचा जीव त्याच एका डब्यात आहे, सॉफ्टनरमध्ये. तुमच्याकडे तपासणीचं किट असेल तर आज रात्री एवढं करा: सॉफ्टनरनंतरचं पाणी परीक्षानळीत घ्या, बफरचे थेंब टाका, मग रंगाची चिमूट. लालसर-जांभळं झालं तर पाणी कडक आहे. निळं झालं तर मऊ. लाल आलं तर मिठाच्या पाण्याने सॉफ्टनर धुवा, साध्या पाण्याने खंगाळा, पुन्हा तपासा. निळं येईपर्यंत बायपासला हात लावू देऊ नका. मालकांना माझा हा प्रतिसाद वाचायला द्या, मी फोनवर बोलायलाही तयार आहे, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

---

दीपनगर_निवृत्त

+१. आणि भाऊ, बायपासच्या झडपेला साखळी-कुलूप लावून चावी शिफ्ट प्रमुखाकडे द्या. आम्ही तसंच करायचो. ब्लोडाउनही वेळच्या वेळी सोडा.

---

केळीवाला रावेर

कुलूप लावाच.

---

सरकी_धुळे

काल रात्री पाहिलं. लाल आलं, गडद. मालकांना दादांचा प्रतिसाद वाचून दाखवला, ते काही बोलले नाहीत, पण सकाळी मिठाची चार पोती पाठवली. दोन तास बॉयलर खाली घेतला, सॉफ्टनर धुतला. पहिल्या खंगाळणीनंतर जांभळं, दुसऱ्यानंतर निळं. फोटो काढलाय, पण इथे चढत नाहीये. बायपासला कुलूप लावलं, चावी माझ्याकडे आहे. रविवारी मिल बंद असते, तेव्हा मॅनहोल उघडून नळ्या आतून पाहणार आहोत. थर किती आहे ते मोजून इथे लिहितो.